चोर कोण? हेक्स्ट कंपनी आणि पेटंटचा दीडशे वर्षांचा इतिहास

१/
औषधांच्या किमतींचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : "भारताने १९७० साली कायदा करून औषधांच्या चोरीला राजमान्यता दिली." हे म्हणणारे बहुधा युरोपचा दाखला देतात. तिथे म्हणे शोधकाच्या हक्काचा मान राखला गेला, म्हणूनच तिथे विज्ञान आणि उद्योग बहरले. प्रस्तुत धागा या समजाविरुद्ध आहे. तो अंमळ दीर्घ आहे. तरीही शेवटपर्यंत वाचावा, कारण यातील मुख्य साक्षीदार फिर्यादी पक्षाचाच आहे. त्याचे नाव हेक्स्ट.

२/
आधी शब्दांचा अर्थ स्पष्ट करू. पेटंट म्हणजे राज्यसंस्था आणि शोधक यांच्यातील करार. शोधकाने आपली युक्ती जगासमोर उघड करायची आणि त्या बदल्यात राज्याने त्याला ठरावीक वर्षे मक्ता द्यायचा. हा मक्ता दोन प्रकारचा असू शकतो. एक पदार्थावरचा, दुसरा तो बनवण्याच्या कृतीवरचा. समजा, कुणाला 'मोदक' या पदार्थावरच मक्ता मिळाला; मग उकडीचा असो वा तळणीचा, दुसऱ्या कुणालाही मोदक करता येणार नाही. मक्ता केवळ उकडीच्या कृतीवर असेल, तर तळणीची वाट मोकळी राहते. पुढचा सारा वाद या एका भेदावर उभा आहे.

३/
१८५६ हे वर्ष लक्षात ठेवण्याजोगे. लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी क्विनीन बनवण्याच्या खटपटीत होता. क्विनीन हाती लागले नाही. जांभळा रंग लागला. त्याने त्याचे पेटंट घेतले आणि कृत्रिम रंगांचा उद्योग सुरू झाला. त्याच वर्षी कंपनी सरकारने हिंदुस्थानात पेटंटचा पहिला कायदा केला. त्याखालचा पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग याचा होता आणि शोध होता पंखा ओढण्याच्या कार्यक्षम यंत्राचा. साहेबाला वारा लागावा ही तेव्हाची निकड. रयतेची निकड कायद्याच्या दारापर्यंत पोचायला पुढे शतकाहून अधिक काळ लागला.

४/
आता फ्रान्सकडे वळू. १८५९ च्या सुमारास लियाँ शहरात व्हेर्गँ या रसायनज्ञाने फुक्सिन हा भडक तांबडा रंग शोधला आणि रेनार बंधूंनी त्याचे पेटंट घेतले. फ्रान्सच्या १८४४ च्या कायद्यात औषधांना पेटंट नव्हते, रंगांना मात्र होते. न्यायालयांनी या पेटंटचा अर्थ असा लावला की मक्ता फुक्सिन या पदार्थावरच आहे. इतर रसायनज्ञांकडे अधिक चांगल्या कृती होत्या. पण फ्रान्समध्ये त्या वापरण्याची सोय उरली नाही. त्यांतल्या अनेकांनी सरहद्द ओलांडली आणि स्वित्झर्लंडमध्ये बस्तान बसवले. ज्या देशाने पदार्थावरचा मक्ता दिला, त्याच देशातील रंगउद्योग मागे पडला.

५/
स्वित्झर्लंडमध्ये तेव्हा पेटंटचा कायदाच नव्हता. तो १८८८ मध्ये आला आणि त्यातही रसायने वगळलेली होती. रासायनिक कृतींना पेटंट मिळू लागले ते १९०७ पासून. मूळचा फ्रान्समधला आलेक्झांडर क्लाव्हेल बाझल शहरात रेशीम रंगवण्याचा कारखाना चालवत असे. १८५९ मध्ये त्याने तिथेच फुक्सिन बनवायला आरंभ केला. त्या बीजातून पुढे सिबा कंपनी वाढली. गायगी आणि सँडोझ याही बाझलच्याच. ही तीन नावे ध्यानात असू द्यावीत. धाग्याच्या अखेरीस त्यांची पुन्हा गाठ पडणार आहे.

६/
१८६३ मध्ये फ्रँकफर्टजवळ, माइन नदीच्या काठी, हेक्स्ट गावात मायस्टर आणि लुसिउस यांनी रंगांचा कारखाना उघडला. त्याच वर्षी बार्मेन येथे फ्रीडरिश बायर यानेही आपला कारखाना काढला. दोघांच्या आरंभीच्या मालात कोणता रंग होता? फुक्सिन. शोध लियाँचा, माल जर्मनीचा. एकसंध जर्मन राष्ट्र तेव्हा अस्तित्वातच नव्हते, मग राष्ट्रव्यापी पेटंट कायदा कुठून असणार? आज जगभर पेटंटचा कैवार घेणाऱ्या उद्योगाची पाळणाघरे ही अशी होती.

७/
जर्मनी एक झाला आणि २५ मे १८७७ रोजी साम्राज्याचा पेटंट कायदा झाला. त्याने खाद्यपदार्थ, औषधे आणि रासायनिक पदार्थ यांवर पेटंट नाकारले. केवळ ते बनवण्याच्या कृतीवर दिले. हे शोधकांवर लादलेले नव्हते. जर्मन रसायनतज्ज्ञांनीच त्यासाठी आग्रह धरला होता. फ्रान्सची फजिती त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. १८९१ मध्ये कृतीचे संरक्षण त्या कृतीने तयार झालेल्या मालापर्यंत वाढवण्यात आले. परंतु निराळ्या कृतीने तोच पदार्थ बनवणाऱ्याची वाट खुलीच राहिली.

८/
या मोकळ्या वाटेचे फळ पाहायचे तर नीळ पाहावी. अडोल्फ फॉन बेयर याने १८८० मध्ये प्रयोगशाळेत नीळ बनवली. पण ती कृती कारखान्याला परवडेना. १८९० मध्ये झुरिचच्या हॉयमानने नवी वाट दाखवली. बीएएसएफ कंपनीने नॅप्थलीनपासून सुरुवात करून १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणली. हेक्स्टने निराळी वाट धरली : १९०१ मध्ये फ्लेगर या रसायनज्ञाने सोडियम अमाइड वापरून हॉयमानचीच दुसरी, अपयशी ठरलेली कृती यशस्वी केली. पदार्थ एकच, कृती दोन आणि स्पर्धा जीवघेणी. भट्टीचे तापमान, उत्प्रेरक, आम्लाची तीव्रता, टाकाऊ वायूचा पुनर्वापर, अशा अभियांत्रिकीच्या शेकडो बारकाव्यांवर दोन्ही कंपन्यांनी कसब पणाला लावले. कृतीचे पेटंट नेमक्या याच कसबाला बक्षीस देते.

९/
या स्पर्धेची किंमत कोणी मोजली, तेही सांगितले पाहिजे. बंगाल-बिहारच्या नैसर्गिक निळीचा बाजार कोसळला. चंपारणच्या मळेवाल्यांनी आपला तोटा रयतेच्या माथी मारला. निळीची सक्ती उठवण्याच्या बदल्यात वाढीव खंड लिहून घेतला. १९१७ मध्ये गांधीजी तिथे पोचले ते या पार्श्वभूमीवर. जर्मन प्रयोगशाळेतील यश आणि चंपारणच्या शेतकऱ्याचे कर्ज या एकाच इतिहासाच्या दोन बाजू आहेत.

१०/
इंग्लंडने काय केले? रंगउद्योगाचा जन्म लंडनचा. पण विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंड जर्मन रंगांवर विसंबून होता. जर्मन कंपन्या ब्रिटिश पेटंटे घेत आणि माल मात्र जर्मनीतच बनवत. १९०७ मध्ये लॉइड जॉर्ज यांनी कायदा बदलला : पेटंट घेऊन जो केवळ परदेशातच उत्पादन करील, त्याचे पेटंट रद्द होऊ शकेल. परिणाम तात्काळ दिसला. हेक्स्टने इंग्लंडमध्येच, एल्समिअर पोर्ट येथे, निळीचा कारखाना उभारला.

११/
मग महायुद्ध आले. एल्समिअर पोर्टचा कारखाना ब्रिटिशांनी ताब्यात घेऊन विकला. १९१९ च्या कायद्याने इंग्लंडने रासायनिक पदार्थांवरचे पेटंटच बंद केले आणि जर्मनीप्रमाणे केवळ कृतीपुरते ठेवले. ही व्यवस्था १९४९ पर्यंत टिकली. अमेरिकेने त्याहून पुढची मजल मारली. शत्रुव्यापार कायद्याखाली हजारो जर्मन पेटंटे जप्त झाली. उपदंशावरचे हेक्स्टचे सुप्रसिद्ध औषध साल्व्हरसान अमेरिकी कंपन्यांनी सरकारी परवान्याने बनवले. लंडन वा वॉशिंग्टनला कुणी चोर म्हटले काय? त्याला राष्ट्रहित म्हटले गेले आणि त्या दृष्टीने ते होतेही.

१२/
आता आपल्याकडे येऊ. इंग्लंडने स्वतःसाठी १९१९ मध्ये जो मार्ग निवडला, तो हिंदुस्थानला मिळाला नाही. इथे १९११ चा कायदा चालू राहिला, मक्त्याची मुदत पुढे सोळा वर्षांची झाली आणि स्वातंत्र्यानंतरही तोच कायदा आपल्या कपाळी होता. आधी बक्षी टेकचंद समितीने आणि नंतर न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी तो तपासला. अय्यंगारांचा अहवाल १९५९ चा. बहुसंख्य पेटंटे परकीयांच्या नावावर आहेत आणि त्यांतली बहुतेक भारतात राबवलीच जात नाहीत, असे त्यांना आढळले. मक्त्याचा उपयोग इथे उत्पादन करण्यासाठी होत नव्हता; इथली बाजारपेठ आयात मालासाठी राखून ठेवण्यासाठी होत होता.

१३/
याच सुमारास अमेरिकी सिनेटच्या केफॉव्हर उपसमितीने औषधांच्या किमतींची चौकशी केली. तिचा निष्कर्ष लाजिरवाणा होता : काही प्रतिजैविकांच्या भारतातील किमती जगातील सर्वाधिक किमतींपैकी होत्या. दरडोई उत्पन्न तळाशी आणि औषधाचा भाव शिखरावर! हे कुणा डाव्या पुढाऱ्याचे भाषण नव्हे; भांडवलशाहीच्या माहेरघरातील कायदेमंडळाची ही नोंद आहे.

१४/
आता मूळ फिर्याद. परळची हाफकिन संस्था आपल्याला लसींसाठी ठाऊक आहे. मधुमेहावरच्या टॉल्ब्युटामाइड या औषधाची कृती तिथल्या रसायनतज्ज्ञांनी विकसित केली आणि युनिकेम या मुंबईच्या कंपनीने त्या आधारे परवाना घेऊन उत्पादन सुरू केले. हेक्स्टने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. हेक्स्टच्या भारतीय पेटंटातील दावे इतके विस्तीर्ण होते की नावाला कृतीचे असलेले ते पेटंट व्यवहारात पदार्थालाच वेढून बसले होते. १९६८ मध्ये निकाल लागला आणि हेक्स्ट जिंकली. हाफकिनची कृतीही हेक्स्टच्या पेटंटच्या कक्षेत येते, असे ठरले.

१५/
न्यायालयाला दोष देण्यात अर्थ नाही. हाती असलेल्या कायद्यानुसारच न्यायाधीश निकाल देतात. दोष कायद्याचा होता. परंतु फिर्यादीकडे पुन्हा एकदा पाहावे. लियाँच्या फुक्सिनवर जिने दुकान थाटले, निराळ्या कृतीने नीळ बनवून जी श्रीमंत झाली, त्याच कंपनीने परळच्या प्रयोगशाळेला निराळ्या कृतीची वाट नाकारली. आणि तिच्या स्वतःच्या देशात? औषधी पदार्थांवर पेटंट देण्यास जर्मनीने सुरुवात केली ती १ जानेवारी १९६८ पासून, म्हणजे मुंबईचा निकाल लागला त्याच वर्षी. १८७७ ते १९६७, तब्बल नव्वद वर्षे, जर्मन औषधउद्योग ज्या कायद्याच्या सावलीत वाढला, तोच कायदा भारताने मागितला तेव्हा त्याला चोरी म्हणण्यात आले. मराठीत याला एक नेमकी म्हण आहे : गरज सरो, वैद्य मरो.

१६/
भारताचा नवा कायदा १९७० मध्ये संमत झाला आणि २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. खाद्यपदार्थ, औषधे आणि रासायनिक पदार्थ यांना केवळ कृतीचे पेटंट. अन्न व औषधांच्या बाबतीत मुदत पेटंट मुद्रांकित झाल्यापासून पाच वर्षे किंवा मूळ तारखेपासून सात वर्षे, यांतील जी कमी असेल ती. अन्य शोधांना चौदा वर्षे. त्या वेळी औषधांना पदार्थाचे पेटंट न देणारा भारत एकटा होता काय? जपानने ते १९७६ मध्ये सुरू केले. इटलीत ही बंदी १९७८ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने उठवली. स्वित्झर्लंडनेही १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत वाट पाहिली. भारताला चोर म्हणायचे तर आरोपींच्या पिंजऱ्यात टोकियो, रोम आणि बर्न यांनाही जागा करून द्यावी लागेल.

१७/
यावर एक रास्त आक्षेप संभवतो : दुसऱ्यानेही चोरी केली म्हणून आपली चोरी क्षम्य ठरते काय? ठरत नाही, आणि तसा दावाही नाही. चोरी होण्यासाठी आधी मालकी असावी लागते. शेतावरची मालकी आणि शोधावरचा मक्ता यांत फरक आहे. मक्ता राज्याच्या कायद्यातून जन्मतो. त्याची मुदत, व्याप्ती आणि अटी राज्यच ठरवते. फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंड, इंग्लंड, अमेरिका यांनी त्या आपापल्या उद्योगाची अवस्था पाहून ठरवल्या आणि अवस्था बदलली तशा बदलल्या. भारताने तेच केले. जो अधिकार सर्वांनी बजावला, तो एकाने बजावला की अपराध होतो, हे न्यायाचे तत्त्व नव्हे.

१८/
दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : संशोधनाचा खर्च कोण भरणार? टॉल्ब्युटामाइडमागे जर्मन संशोधकांचे श्रम होते, हे निःसंशय. नवे औषध शोधणे महाग आणि बेभरवशाचे असते. त्याला मोबदला हवाच. परंतु किती आणि किती काळ, हा हिशेबाचा प्रश्न आहे, श्रद्धेचा नव्हे. साल्व्हरसान हे युगप्रवर्तक औषध १९१० मध्ये हेक्स्टनेच बाजारात आणले आणि तेव्हा जर्मनीत औषधी पदार्थांना पेटंट नव्हते. पदार्थावर मक्ता नसेल तर संशोधन थांबते, हे विधान हेक्स्टच्याच इतिहासासमोर टिकत नाही.

१९/
आता थोडे आपल्या बाजूच्या भाबड्यांना. १९७० च्या कायद्याने जादू केली, असेही म्हणू नये. जर्मनीत कायद्यामागे विद्यापीठे आणि कारखान्यांच्या प्रयोगशाळा उभ्या होत्या. इथेही मुंबईचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ पासून, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून आणि पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५० च्या दशकापासून माणसे घडवत होता, म्हणून कायद्याचा लाभ घेता आला. शिवाय आपण कृतींत पारंगत झालो. नवे रेणू शोधण्यात मात्र जर्मनांची मजल गाठू शकलो नाही. कायदा वाट मोकळी करतो, चालावे आपल्यालाच लागते.

२०/
तरीही जे साधले ते थोडके नव्हे. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी एड्सवरील तीन औषधांचा वर्षभराचा संच मेदसाँ साँ फ्राँतिएर या संघटनेला रुग्णामागे ३५० डॉलरला देऊ केला. तेव्हा पाश्चात्त्य बाजारात हाच उपचार वर्षाला दहा हजार डॉलरहून महाग होता. आफ्रिकेत लाखो माणसे मरत असताना हा आकडा जाहीर झाला आणि त्यानंतर जुन्या किमतींचे समर्थन करणे कठीण होऊन बसले. हे धाडस शक्य झाले ते १९७० च्या कायद्याखाली तीन दशके कमावलेल्या कृतींच्या बळावर.

२१/
१९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली आणि तिच्या करारानुसार २००५ पासून भारतालाही पदार्थाचे पेटंट द्यावे लागले. ते देताना संसदेने कलम ३(घ) मध्ये अट घातली : जुन्याच औषधाचे केवळ नवे रूप पुढे करून पेटंट मिळणार नाही, परिणामकारकता वाढल्याचे दाखवावे लागेल. रक्ताच्या कर्करोगावरील इमॅटिनिबच्या नव्या स्फटिकरूपासाठी नोव्हार्टिस कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १ एप्रिल २०१३ रोजी हरली. नोव्हार्टिस म्हणजे कोण? सिबा, गायगी आणि सँडोझ यांची वारस, मुक्काम बाझल. जिथे रसायनांना पेटंटच नव्हते, त्या भूमीत रुजलेल्या वृक्षाचे हे फळ.

२२/
त्याआधी, मार्च २०१२ मध्ये, मुंबईच्या पेटंट कार्यालयातून भारताचा पहिला सक्तीचा परवाना निघाला. बायरचे कर्करोगावरील औषध महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना मिळत होते; नॅटको कंपनीला ते ८,८८० रुपयांत विकण्याची मुभा देण्यात आली आणि बायरला विक्रीवर ६ टक्के स्वामित्वधन ठरवून देण्यात आले. आदेशातील एक कारण असे होते की हे पेटंट भारतात राबवले गेलेले नाही. हा तर्क ओळखीचा वाटतो ना? १९०७ मध्ये लॉइड जॉर्ज यांनी हेक्स्टला एल्समिअर पोर्टला आणले, तेव्हाचाच हा तर्क.

२३/
तात्पर्य एवढेच. पेटंट हा सौदा आहे आणि सौद्याच्या अटींवर घासाघीस करण्याचा हक्क प्रत्येक राष्ट्राला आहे. तो हक्क वापरूनच आजचे श्रीमंत देश श्रीमंत झाले. व्यापार करारांच्या वाटाघाटींत मुदत वाढवा, कलम ३(घ) सैल करा, सक्तीच्या परवान्यांना आवर घाला, अशा मागण्या पुनःपुन्हा पुढे येतात. तेव्हा समोरच्याला नम्रपणे विचारावे : तुमच्या देशात औषधी पदार्थांचे पेटंट कोणत्या वर्षी सुरू झाले आणि तोवर तुमचे कारखाने किती मोठे झाले होते?

२४/
पुढच्या वेळी कुणी "चोरी" हा शब्द वापरला, तर संतापू नये. १८६३, १८७७, १९०७, १९१९ आणि १९६८ ही पाच वर्षे क्रमाने सांगावीत. हेक्स्ट नावाचा साक्षीदार उलटतपासणीत आपणहून सारे कबूल करतो. मतभेद असल्यास पुराव्यानिशी अवश्य मांडावेत. चर्चेचे स्वागत आहे. लेखनसीमा.